एक बाळ, दोन वेळापत्रकं

साशंक : वहिनी, तुम्ही नर्स होतात म्हणून विचारतो. अकरा वर्षं मी इथे दोह्यात बांधकामाच्या साइटवर सेफ्टीचं काम करतोय. 'धोका शून्य' असं लिहिलेला कागद माझ्या टेबलावर आला की मी तो सही न करता परत पाठवतो. मचाण बांधणाऱ्याने धोका कुठे आहे, किती आहे आणि तो घडलाच तर पहिला फोन कुणाला करायचा, एवढं लिहून दिलं तरच मी माणूस वर चढू देतो. लशीच्या बाबतीत मात्र ज्याला विचारावं तो 'काही होत नाही हो' म्हणून मोकळा होतो. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. मदिनत खलीफाच्या हेल्थ सेंटरमध्ये तिच्या कार्डावर गोवराच्या लशीची तारीख पडलीय ती बारा महिने पूर्ण झाल्यानंतरची. पुढच्या महिन्यात आम्ही भिवंडीला, माझ्या सासुरवाडीला चाललोय. तिथले डॉक्टर मेव्हण्याला म्हणाले, 'नऊ महिने होऊन गेले, अजून कसं टोचलं नाही?' लस तीच, मूल तेच. एक देश म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो उशीर झाला. यातलं शास्त्र कोणतं आणि नुसती सवय कोणती?

निःशंक : शास्त्र दोन्हीकडे आहे, भाऊजी. बाळ जन्मताना आईच्या रक्तातून काही संरक्षण घेऊन येतं. ते हळूहळू ओसरत जातं आणि ओसरेपर्यंत गोवराच्या लशीला नीट रुजू देत नाही. नवव्या महिन्यात टोचलं तर शंभरातल्या साधारण ८५ बाळांमध्ये लस लागू पडते, बाराव्या महिन्यात साधारण ९५ जणांमध्ये. मग सगळेच बारा महिने का थांबत नाहीत? कारण जिथे गोवर गल्लीतून फिरतोय तिथे ते तीन महिने बाळ उघडं पडतं, आणि याच वयात गोवर सगळ्यात वाईट वागतो. म्हणून भारतात पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. इथे गोवर तितका फिरत नाही, म्हणून थांबणं परवडतं. वेळापत्रक ठरवताना बाळापेक्षा त्याच्या भोवतीची हवा जास्त बघतात. तुमची लेक विमानात बसली की चार तासांत तिची हवा बदलणार. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली तेव्हा नऊ महिन्यांचीही वाट पाहिली नाही. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा मात्रा दिली. माझ्याबरोबर काम केलेल्या एक बाई त्या दिवसांत मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या बाळांबद्दल फोनवर बोलायच्या आणि मध्येच गप्प व्हायच्या.

साशंक : हे पटण्यासारखं आहे. पण तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्याने माझी शंका वाढलीच. धोका जागेवर अवलंबून आहे, म्हणजे त्याचं गणित प्रत्येक जागी नव्याने मांडायला हवं. मांडा मग. लशीने काय होऊ शकतं, स्पष्ट आकड्यांत सांगा.

निःशंक : सांगते. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीनंतर आठवडा-दीड आठवड्याने काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ येतं. तीन-चार हजार मुलांमागे एकाला त्या तापात झटका येतो. आईबापांना तो बघवत नाही, पण बहुतेक वेळा मागे काही ठेवत नाही. तीस-चाळीस हजारांमागे एकाच्या रक्तातल्या प्लेटलेट काही काळ कमी होतात. दहा लाखांमागे एखाद्याला टोचल्यावर काही मिनिटांतच तीव्र अ‍ॅलर्जी येते. म्हणून आम्ही अर्धा तास बसवून ठेवायचो आणि अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवायचो. आता गोवर. हजार रुग्णांमागे साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. काहींना बरं झाल्यावर सात-आठ वर्षांनी मेंदू झिजवणारा आजार होतो, त्यातून कुणी वाचत नाही. शिवाय गोवर शरीराची जुन्या रोगांची ओळखच पुसून टाकतो, त्यामुळे पुढे कित्येक महिने मूल दुसऱ्या आजारांना बळी पडतं. लस येण्याआधी, म्हणजे १९६३ पूर्वी, जगात दरवर्षी २६ लाखांच्या आसपास माणसं गोवराने जात. आणि ऑटिझमचं विचारणार असाल तर तेही सांगून टाकते. तो बोभाटा १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या बारा मुलांवरच्या निबंधातून उठला. तो निबंध २०१० मध्ये मासिकाने मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासली, २०१९ साली निष्कर्ष आला. संबंध सापडला नाही.

साशंक : ऑटिझमचं मी विचारणार नव्हतो, तो विषय संपलेलाच आहे. माझी अडचण तुमच्या तुलनेत आहे. तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवलेत, पण ते एका जातीचे नाहीत. गोवराचा हजारात एक हा आकडा गोवर झाला तरचा आहे, आणि माझ्या मुलीला तो होईलच असं नाही. सुई मात्र मी स्वतः तिला मांडीवर धरून टोचून घेणार. साइटवर वरून वीट पडून माणूस जखमी झाला तर तो अपघात, आणि मी सांगितलेल्या शिडीवर चढताना पडला तर ती माझी सही. दुसरं, थोडं लाज वाटण्यासारखं आहे, पण बोलतो. आजूबाजूच्या सगळ्या मुलांनी लस घेतली असेल तर माझ्या एकट्या मुलीसाठी सर्वांत सुरक्षित काय? न घेणं. रोग तिच्यापर्यंत पोचणार नाही आणि सुईचा धोकाही टळेल. हिशेबी बापाने नेमकं हेच करायला नको का?

निःशंक : तो बाप फार वेळ हिशेबी राहू शकत नाही, भाऊजी. एक गोवर झालेलं मूल लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतं. खोलीतून ते निघून गेल्यावरही दोन तास हवेत रोग राहतो. म्हणून शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असेल तेव्हाच साखळी तुटते. उरलेल्या पाच जणांची जागा कुणाची? ज्यांना लस देताच येत नाही त्यांची, म्हणजे कर्करोगाचे उपचार चाललेल्या मुलांची आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांची. तुमचा हिशेबी बाप त्यांच्या जागेवर बसतो. आणि वस्तीतल्या दहा बापांनी हाच हिशेब केला की जागाच उरत नाही. सहीबद्दल म्हणाल तर न टोचण्याखालीही सहीच असते. ती दिसत नाही, म्हणून आपण ती मोजत नाही. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. आपल्या भाषेत रोगाला देवी म्हणायचे, आणि तो टाळायला टोचून घ्यायचं त्यालाही 'देवी काढणं' म्हणायचे. आजी त्या शब्दाने हात जोडायची. माझ्या मुलीला तो शब्दच माहीत नाही. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आसामातल्या करीमगंजचा. जगातला नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण सोमालियात, ऑक्टोबर १९७७ मध्ये. तो अली माओ मालिन इस्पितळात स्वयंपाकी होता आणि टोचण्याच्या भीतीने त्याने देवी काढून घेतल्या नव्हत्या. पुढे तोच माणूस पोलिओच्या लसीकरणासाठी दारोदार हिंडला. रोग गेला, मग १९८० नंतर लसही बंद झाली. लशीचं काम पूर्ण झालं की तिचा फायदा दिसेनासा होतो आणि तिचा त्रास तेवढा उरतो. तुम्हाला सुईचा धोका मोठा वाटतो, कारण तिने दुसरा धोका तुमच्या नजरेआड केलाय.

साशंक : आजीच्या वणांपुढे मी काही बोलू शकत नाही. पण देवीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. भारतात देवीची लस आली ती याच आखाताच्या पाण्यातून. व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, बसरा आणि तिथून जहाजाने मुंबई. शीतपेट्या नव्हत्या, म्हणून एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात घालून ती जिवंत ठेवत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती दिली. तिच्या फोडातून आणखी मुलांना, आणि मग पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला, मद्रासला. अख्ख्या देशाची पहिली लस तीन वर्षांच्या पोरीच्या दंडावर वाढली. तिला कुणी विचारलं होतं का? तिच्या आईला तरी? वहिनी, तुमच्या बाजूचा इतिहास वाचताना मला दर वेळी हेच दिसतं. फायदा सगळ्यांचा, आणि सुरुवात अशा कुणाच्या तरी अंगावर, ज्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. हाफकिनचंही तसंच. प्लेगची लस त्यांनी बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण पुढचा प्रयोग कुठे झाला? भायखळ्याच्या तुरुंगात.

निःशंक : खरं आहे. आणि तो प्लेगही विसरू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. त्या साथीत 'आधी संमतीचे नियम ठरवू, मग लस देऊ' म्हणायला वेळ किती होता? हाफकिनची गोष्ट काढलीत तर ती मुलकोवालपर्यंत सांगा. १९०२ च्या शरदात पंजाबातल्या त्या गावात एका दिवसात १०७ जणांना प्लेगची लस दिली. एका विशिष्ट बाटलीतून ज्यांना दिली ते एकोणीस जण धनुर्वाताने गेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना निलंबित केलं. नंतर उलगडलं ते असं : बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला, परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. लस निर्दोष होती. आम्हाला प्रशिक्षणात कुणी हे शिकवलं नव्हतं, माझं मीच वाचलं. त्या दिवसापासून हातातून काही निसटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

साशंक : 'लस निर्दोष होती.' याच वाक्याशी माझं भांडण आहे. मुलकोवालच्या त्या एकोणीस घरांना त्याचा काय उपयोग? तुम्ही लस एकीकडे काढता आणि चिमटा, हात, फ्रीज दुसरीकडे. आईच्या लेखी ते सगळं एकच आहे. तिने बाळ दिलं ते या सगळ्याच्या हाती. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस दिल्यावर तीन तान्ही बाळं गेली. चौकशीत लस साठवण्या-हाताळण्यातली हेळसांड बाहेर आली. त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२१ च्या शेवटच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. नशिबाने मुलं वाचली. माझ्या धंद्यात क्रेनचा पट्टा तुटला तर 'क्रेन निर्दोष होती' असं लिहून अहवाल बंद करता येत नाही. पट्टा, तो तपासणारा, त्या दिवशीचा ओव्हरटाइम, सगळं मिळून क्रेन. मग दहा लाखांत एक हा तुमचा आकडा स्वच्छ प्रयोगशाळेचा आहे की रामदुर्गच्या फ्रीजचा?

निःशंक : या प्रश्नावर मी हरले असं समजा, कारण दोन्ही आकडे एकत्र करून छापलेला तक्ता मी कधी पाहिला नाही. चौदा वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. गोवराची लस पूड म्हणून येते, ती पाणी घालून विरघळवायची आणि उघडल्यापासून चार तासांत संपली नाही तर फेकायची. वर 'लस वाया का गेली' हा प्रश्न, खाली उन्हात सहा किलोमीटर चालत आलेली बाई, आणि पेटीत एकच बाटली. त्या चार तासांच्या शेवटच्या दहा मिनिटांत माणूस काय करतो, यावर कितीतरी अवलंबून असतं. तरीही भाऊजी, चूक झाली म्हणून लस थांबवली तर काय होतं तेही बघा. २०१८ साली सामोआ नावाच्या छोट्या द्वीपदेशात दोन नर्सेसनी लशीच्या पुडीत पाण्याऐवजी भुलीचं औषध मिसळलं. दोन बाळं गेली. सरकारने कार्यक्रम काही महिने थांबवला. लोकांचा विश्वास उडाला आणि लस घेतलेली बाळं तीनात एकावर आली. पुढच्या वर्षी गोवर आला. दोन लाखांच्या देशात ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. दोन बाळांचं दुःख खरंच होतं. पण भीतीने त्या दोनांत त्र्याऐंशींची भर घातली.

साशंक : भीतीने घातली, की झाकपाकीने? सामोआच्या लोकांना पहिल्याच आठवड्यात काय झालं, कुणाच्या हातून झालं आणि लस कशी निर्दोष आहे हे सरळ सांगितलं असतं तर किती आया परतल्या असत्या? मला भीती लशीची कमी आहे, गप्प बसण्याची जास्त. कोविडच्या वेळी आपण दोघं इथेच होतो. डिसेंबर २०२० मध्ये इथे लसीकरण सुरू झालं. माझ्या साइटवरच्या पोरांना बसमध्ये भरून नेलं. लस न घेणाऱ्याला दर आठवड्याला तपासणी. फोनवरच्या 'एहतेराज' या सरकारी अ‍ॅपमध्ये नावाभोवती सोनेरी चौकट आली की दारं उघडायची. ज्याचा व्हिसा, खोली आणि जेवण मालकाच्या हातात आहे, त्याच्या होकाराला संमती म्हणायचं का? या देशात पाऊल ठेवतानाच आपली छाती एक्स-रेखाली आणि रक्त बाटलीत गेलेलं असतं. आपल्याकडे तरी दाद मागता आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल फक्त दोन मात्रा घेतलेल्यांना खुली झाली, उच्च न्यायालयाने सरकारला त्याबद्दल धारेवर धरलं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, देहावरचा हक्क घटनेने दिलेला आहे. आणि लस तरी कशी निघाली? इथल्याच, वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या अबू-रद्दाद यांच्या चमूने इथल्याच नोंदींवरून दाखवलं की दुसऱ्या मात्रेनंतर पहिल्या महिन्यात संसर्गापासूनचं संरक्षण ७७.५ टक्के होतं, ते पाच ते सात महिन्यांत वीस टक्क्यांवर उतरलं. आम्हाला सुरुवातीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

निःशंक : सुरुवातीला ते कुणाला माहीतच नव्हतं, भाऊजी. पाच महिन्यांनी काय होतं हे पाच महिने गेल्याशिवाय कसं कळणार? आणि निबंध अर्धाच वाचू नका. त्याच कागदावर आहे की इस्पितळात जाण्यापासून आणि मृत्यूपासूनचं संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर ९६ टक्क्यांवर गेलं आणि जवळपास सहा महिने तसंच टिकलं. सर्दी-खोकल्याचं दार उघडं राहिलं, स्मशानाचं बंद झालं. शिवाय ज्या नोंदींवरून तुम्ही लशीला बोल लावताय त्या नोंदी म्हणजे तुम्ही-मीच आहोत. तुमच्या साइटवरची पोरं, मदिनत खलीफातल्या घराघरांतले ड्रायव्हर आणि आया, सगळ्यांची तपासणी आणि सगळ्यांच्या मात्रा एकाच जागी नोंदलेल्या होत्या, म्हणून तो उतार जगाला दिसला. लपवायचंच असतं तर छापलं कशाला असतं? सक्तीच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. उपकेंद्रात मी कधी कुणाच्या पोराला ओढून टोचलं नाही. 'टोचलं नाही तर रेशन बंद' असं मी कुणाला म्हटलं नाही, पण माझ्यासमोर म्हटलेलं ऐकलंय आणि तेव्हा गप्प बसले.

(लिहिणाऱ्याने इथे आपला कल लपवू नये. तो निःशंक बाईंकडे आहे. माझ्या घरच्या मुलांना सगळ्या लशी वेळेवर दिल्या, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. पण 'लस निर्दोष होती' या वाक्यावरचा आक्षेप मला आजवर खोडता आलेला नाही, आणि तो न खोडता पुढे जाणाऱ्या लेखांनीच शंका वाढवल्या, असं माझं मत आहे.)

साशंक : मग कोविशिल्डचं बोला. पुण्यात बनली, आपल्या बहुतेक नातेवाइकांनी घेतली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं गेलं की रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ धोका आहे, तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या. पुढे ती रेषा चाळिशीवर नेली. माझा भाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, पुण्यात. त्याच्या केंद्रावर ही ओळ कुठेच लावलेली नव्हती. २०२४ मध्ये मूळ ब्रिटिश कंपनीने कोर्टात हा धोका कबूल केल्याची बातमी आली तेव्हा घरात सगळे हादरले. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना त्या दिवशी कळली.

निःशंक : इंग्लंडमध्ये तेव्हा साथ ओसरत होती आणि दुसरी लस हाताशी होती. पुण्यात एप्रिल-मे २०२१ मध्ये काय चाललं होतं ते आठवा. खाटा नव्हत्या, ऑक्सिजन नव्हता. आपल्या राष्ट्रीय समितीने त्या मे महिन्यात सांगितलेला आकडा दहा लाख मात्रांमागे ०.६१ असा होता, म्हणजे तिकडच्यापेक्षा बराच कमी. गोवराच्या वेळापत्रकासारखंच हे. हवा बदलली की हिशेब बदलतो. त्या महिन्यात, त्या शहरात, तुमच्या भावाला मीही तीच लस दिली असती.

साशंक : दिली असतीत, आणि कदाचित बरोबरच केलं असतंत. पण त्याला सांगून?

निःशंक : ... सांगून द्यायला हवी होती. रांग दोनशेची होती हे कारण आहे, सबब नाही. भाऊजी, आता माझं ऐका. मी ज्यांना पोलिओचे थेंब पाजले त्यांची मोजदाद नाही. पाजताना मला माहीत होतं की त्या थेंबातला विषाणू जिवंत आहे, दुबळा केलेला. साधारण सत्तावीस लाख मात्रांमागे एखाद्या बाळाला त्या थेंबानेच लुळेपणा येतो. देशाला माहीत होतं. तरी थेंब दिले, कारण त्यांच्याशिवाय पोलिओ जात नव्हता. १३ जानेवारी २०११ चा हावड्याचा रुग्ण हा नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा आपला शेवटचा. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा आम्ही उपकेंद्रात पेढे वाटले. २०१६ मध्ये त्या थेंबांतला एक प्रकार काढून टाकला, सोबत टोचायची लस आणली. सगळं योग्यच झालं. पण थेंबांनी ज्यांचा पाय गेला त्या मुलांचं नाव त्या पेढ्यांच्या दिवशी कुणी घेतलं नाही. मीही नाही.

आणि आणखी एक. माझ्या हातून टोचलेलं साडेतीन महिन्यांचं बाळ दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं. समिती आली, बाटली गेली, फ्रीजची वही गेली. चार महिन्यांनी मला तोंडी कळलं की लशीशी संबंध नाही, योगायोग. मला तेव्हाही ते खरं वाटलं, आजही वाटतं. त्या वयात दर वर्षी कितीतरी बाळं झोपेत जातात, आणि लाखो बाळांना लस दिली की त्यातल्या काहींचा तो दिवस लशीच्या दुसऱ्या दिवशी येणारच. पण त्या आईला कुणी कागद दिला नाही. मी जाऊन सांगावं म्हटलं तर वरून निरोप आला की तुम्ही जाऊ नका, वातावरण तापेल. त्या वाडीतल्या सात घरांनी पुढे वर्षभर एकाही बाळाला टोचू दिलं नाही. मी त्यांना अडाणी म्हणत होते. आता तुमचं ऐकताना वाटतं, त्यांनी विचारलं तेच तुम्ही विचारताय. फक्त त्यांच्याकडे सेफ्टीची भाषा नव्हती.

साशंक : इंग्लंडने १९७९ मध्ये कायदा केला की लशीने गंभीर इजा झाली तर सरकार पैसे देईल. अमेरिकेने १९८६ मध्ये. कुणाची चूक हे सिद्ध करत बसायला नको. 'तुझ्या अंगावर आम्हा सगळ्यांचा धोका पडला, तो आमचा' एवढंच म्हणायचं. आपल्याकडे असा कायमचा कायदा नाही. आई कोर्टात उभी राहते आणि पलीकडे सरकार. मी जर साइटवर प्रत्येकाला पट्टा सक्तीचा केला आणि पट्ट्यानेच एखाद्याची बरगडी मोडली, तर त्याचा खर्च मी त्याच्याच पगारातून कापत नाही.

निःशंक : तो कायदा मीही मागेन. पण एक सांगा. असा कायदा उद्या आला, आणि त्यामुळे 'बघा, सरकारच म्हणतंय इजा होते' असं म्हणत आणखी सात घरं मागे हटली तर? चौदा वर्षं 'काही होत नाही' असं मी म्हणत आले ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोरच्या बाईला दहा लाखांत एक म्हटलं की तिला फक्त 'एक' ऐकू येतो, आणि तो एक तिच्या मांडीवर बसलेला असतो.

साशंक : मलाही तोच ऐकू येतोय. तरी सांगा. माझ्या कामात मी तीनशे माणसांना दर सकाळी सांगतो की आज कुठे मरण आहे, आणि ती माणसं त्यानंतर वर चढतात. पण ती पगारासाठी चढतात हेही खरं. माझी लेक कशासाठी चढतेय?

निःशंक : स्वतःसाठी थोडं, आणि भिवंडीत तुमच्या मेव्हण्याच्या शेजारी जे दोन महिन्यांचं बाळ असेल त्याच्यासाठी थोडं. दुसरा भाग किती आणि तो तिच्या वतीने देण्याचा हक्क तुम्हाला कुठून आला, हे मला तुम्हाला सांगता येणार नाही. इथे सेंटरमध्ये विचारा की प्रवासासाठी आधी देता का. प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी मिळाली तर उत्तम. आणि एक लक्षात ठेवा. जिथे वेळापत्रक बारा महिन्यांपासून सुरू होतं तिथे त्याआधीची मात्रा सहसा हिशेबात धरत नाहीत. परत आल्यावर तिला पुन्हा दोन द्याव्या लागतील. म्हणजे एक सुई जादा.

साशंक : जादा सुई, आणि तीही नऊ महिन्यांच्या हिशेबाने. भिवंडीतच द्यावी लागली तर काय बघू?

निःशंक : बाटलीवर गोल असतो, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर बाटलीला फार उष्णता लागलेली नाही. गोलाइतकाच गडद झाला असेल तर घेऊ नका. बाटली कितीला उघडली ते विचारा, सुई नवीन फोडली का ते बघा, बॅच नंबर कार्डावर लिहून घ्या आणि अर्धा तास तिथेच बसा.

साशंक : नर्सबाईंना राग येईल का?

निःशंक : येईल. माझ्या चौदा वर्षांत मला चौकोन दाखवायला एकाच बाईने सांगितलं होतं, ऊसतोडीला आलेल्या. मला राग आला होता. मी दाखवला. फिका होता. तिने तो बराच वेळ बघितला, आणि मग पोराचा दंड पुढे केला.

साशंक : आणि त्या दिवशी तो गडद असता तर?

निःशंक : आजवर मी स्वतःला हे विचारलं नव्हतं.